सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याआधी 'ळ' शोधून पाहा

मा. संपादक,
स. न.

साखर कारखान्याचा वजनकाटा, पतसंस्थेची खिडकी, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, अशा ठिकाणी दिवसभर उघडे राहणारे सॉफ्टवेअर पुष्कळदा ब्राउझरमधले नसते, संगणकावर बसवलेले असते. त्याला कारणे आहेत. काट्यावरचे वजन सिरियल पोर्टमधून, म्हणजे संगणकाच्या तारेच्या जोडणीतून, येते, पावती छोट्या प्रिंटरवर लगेच निघावी लागते, लिहिणाऱ्याचा हात माउसवर नसून कीबोर्डवर असतो, आणि इंटरनेट गेले म्हणून उसाच्या गाड्या रांगेत थांबवून ठेवता येत नाहीत. पडदा, तपासण्या आणि बरीचशी माहिती वापरणाऱ्याच्याच यंत्रावर, सर्व्हर असलाच तर पाठीमागे, अशा प्रोग्रामला आमच्या धंद्यात 'रिच क्लायंट' म्हणतात. घरबसल्या अर्ज भरणाऱ्या नागरिकासाठी वेबसाइटच बरी, याबद्दल वाद नाही. खिडकीच्या आतल्या माणसाची गरज मात्र वेगळी असते.

या प्रोग्रामांबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या आहेत: मध्येच अडकतो, दुपारनंतर बंद पडतो, मराठीत नावे नीट शोधता येत नाहीत. दोष जातो जुन्या संगणकावर, विंडोजवर, नाहीतर थेट मराठीवर. प्रत्यक्षात यातले बहुतेक दोष बांधणीतले असतात आणि त्यांवरचे उपाय फुकट मिळणाऱ्या साधनांत कित्येक वर्षांपासून आहेत. हे पत्र असे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांसाठी आणि ते बनवायला शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी आहे. थोडे लांबेल, पण तपशील गाळला तर त्याचा उपयोग राहणार नाही.

उदाहरण जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या एक्लिप्सचे घेतो. आयबीएमने २००१च्या नोव्हेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुले केले, तेव्हा ते प्रोग्राम लिहिण्याचे साधन होते. २००४मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्याचा सांगाडा वेगळा काढून त्यावर कुठलाही प्रोग्राम उभारता येऊ लागला. त्याचे तीन थर आहेत. तळाशी एसडब्ल्यूटी, म्हणजे बटणे, तक्ते, मजकुराच्या चौकटी. त्यावर जेफेस, जे या तक्त्यांना माहितीशी जोडते. सर्वांत वर मेनू, विभाग आणि प्लग-इन, म्हणजे मागाहून जोडता येणारे भाग, सांभाळणारा सांगाडा. परवाना व्यावसायिक वापरालाही चालतो.

आपल्याकडच्या पदविका अभ्यासक्रमात 'ॲडव्हान्स्ड जावा'खाली एडब्ल्यूटी आणि स्विंग ही जावाबरोबरच येणारी पडदा बनवण्याची साधने शिकवतात. स्विंग १९९८मध्ये जावा १.२बरोबर आले. ते वाईट नाही, आजही चालते. पण परीक्षेतला प्रश्न दोन चौकटी आणि एक बटण मांडण्यापाशी संपतो, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. स्विंग आपली बटणे स्वतः रंगवते, एसडब्ल्यूटी ती विंडोजकडून, लिनक्सवर जीटीकेकडून आणि मॅकवर कोकोआकडून मागून घेते. त्यामुळे जोडाक्षरे जुळवण्याचे, वेलांटी अक्षराआधी बसवण्याचे, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डने टंकलेखन घेण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमच करते. याची किंमतही आहे: जे मागून घेतले ते परत करावे लागते, आणि ते कुठल्या थ्रेडमधून, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या कुठल्या धाग्यातून, मागायचे याचा नियम पाळावा लागतो.

थ्रेडचा नियम आधी, कारण 'अडकतो' या तक्रारीचे मूळ तिथे आहे. एसडब्ल्यूटीच्या प्रोग्रामच्या पोटात एक लूप अखंड फिरत असतो. 'रीड-अँड-डिस्पॅच'ने तो रांगेतली पुढची घटना उचलतो, म्हणजे कळ दाबली, माउस हलला, खिडकी पुन्हा रंगवायची आहे. रांग रिकामी असेल तर तो 'स्लीप'मध्ये जातो. हे सारे एकाच थ्रेडवर चालते. आता 'शोधा' बटणाच्या कोडमध्येच कोणी डेटाबेसची चौकशी लिहिली आणि तिला वीस सेकंद लागले, तर तेवढा वेळ लूप थांबतो. सुमारे पाच सेकंद खिडकीने प्रतिसाद दिला नाही की विंडोज तिच्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिते. घाबरलेला कारकून ती बंद करतो आणि अर्धवट नोंद मागे राहते.

उपाय 'जॉब'चा, म्हणजे मागच्या दुसऱ्या थ्रेडवर चालणाऱ्या कामाचा. चौकशी जॉबमध्ये टाकायची, तिथे प्रगतिदर्शक द्यायचा, आणि रद्द झाले का हे प्रत्येक फेरीत तपासायचे. निकाल पडद्यावर आणताना 'असिंक-एक्झेक'मधून, म्हणजे काम पडद्याच्या थ्रेडच्या रांगेत ठेवून न थांबता पुढे जाणाऱ्या आदेशातून, यायचे, नाहीतर 'इनव्हॅलिड थ्रेड ॲक्सेस' ही चूक ठरलेली. एवढे पुस्तकात असते. पुढचे तीन धोके सहसा नसतात. एक, असिंक-एक्झेकच्या आत पोहोचेपर्यंत वापरणाऱ्याने खिडकी बंद केलेली असू शकते, म्हणून आत गेल्यावर पहिली ओळ 'इज-डिस्पोज्ड' तपासण्याची हवी. दोन, एक लाख ओळी वाचताना प्रत्येक ओळीमागे एक असिंक-एक्झेक केले तर रांगेत एक लाख कामे साचतात आणि खिडकी पुन्हा अडकते, म्हणून पाचशेच्या गठ्ठ्यांनी किंवा साधारण दर २०० मिलिसेकंदांनी पडदा ताजा करावा. तिसरा सर्वांत वाईट: मागच्या थ्रेडने एखादे लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप, धरलेले असताना 'सिंक-एक्झेक', म्हणजे पडद्याच्या थ्रेडवरचे काम होईपर्यंत थांबणारा आदेश, केले आणि पडद्याचा थ्रेड त्याच लॉकची वाट पाहत असला, तर दोघे एकमेकांसाठी कायमचे थांबतात. असा प्रोग्राम महिन्यातून एकदाच अडकतो, म्हणून चाचणीत सापडत नाही. अडकलेला असतानाच जावाबरोबर येणारे 'जेस्टॅक' हे साधन चालवून पडद्याचा थ्रेड, बहुधा 'मेन' नावाचा, कुठल्या ओळीवर उभा आहे ते पाहावे. तिथे जेडीबीसी, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याचा, किंवा फाइल वाचण्याचा कोड दिसला की निदान झाले.

'दुपारनंतर बंद पडतो' ही तक्रार उधारीची आहे. विंडोज एका प्रोग्रामला साधारणपणे १०,००० जीडीआय हँडल, म्हणजे चित्रे-फॉन्ट यांसारख्या रेखाटनाच्या साधनांचे क्रमांक, देते. फॉन्ट, चित्र, कर्सर, रेखाटनाचा संदर्भ यांतले जे आपण 'न्यू' म्हणून बनवले ते आपणच 'डिस्पोज', म्हणजे परत, करायचे, हा एसडब्ल्यूटीचा मूळ नियम. अलीकडच्या आवृत्त्यांत रंगांना यातून सूट मिळाली आहे, बाकीच्यांना नाही. खिडकी नष्ट झाली की तिच्यातली बटणे आपोआप जातात, पण त्या बटणांवर लावलेली चित्रे जात नाहीत. नेहमीची चूक अशी: थकबाकीदारांची नावे ठळक दिसावीत म्हणून तक्त्याच्या 'लेबल प्रोव्हायडर'मध्ये, म्हणजे प्रत्येक ओळीचा मजकूर आणि रूप पुरवणाऱ्या भागात, फॉन्ट परत देणाऱ्या पद्धतीतच, नवा फॉन्ट बनवला जातो. अशी २०० नावे आणि तक्ता ५० वेळा ताजा झाला, की १०,००० भरले. मग 'नो मोअर हँडल्स'. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की हिशेब शून्यावर येतो, म्हणून 'रीस्टार्ट करा' हा सल्ला नेहमी लागू पडतो आणि दोष तसाच राहतो.

दुरुस्ती छोटी आहे. फॉन्ट एकदाच बनवून ठेवावा, किंवा जेफेसचा 'लोकल रिसोर्स मॅनेजर' खिडकीला बांधावा म्हणजे खिडकीबरोबर सारे परत जाते. आणि हे पकडायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये स्तंभाच्या शीर्षकावर उजवी कळ दाबून 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' हा स्तंभ लावावा, मग तोच पडदा वीस वेळा उघडून बंद करावा. पहिल्या एकदोन वेळा आकडा वाढेल, ते ठीक. विसाव्या वेळीही वाढतच असेल तर गळती आहे. यालाच जोडून एक: मोठ्या यादीसाठी तक्ता 'व्हर्च्युअल' बनवावा, म्हणजे लाख सभासद असले तरी दिसणाऱ्या ओळींपुरताच मजकूर भरला जातो. सगळ्या ओळी आधीच भरणारा तक्ता उघडायलाच जड जातो.

पडद्याची मांडणी. प्रत्येक चौकटीला 'सेट-बाउंड्स'ने पिक्सेलमध्ये जागा दिलेला पडदा बनवणाऱ्याच्या यंत्रावर सुंदर दिसतो. कार्यालयात स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचे सारे मोठे करून दाखवण्याचे प्रमाण, १२५ किंवा १५० टक्क्यांवर असले की मजकूर कापला जातो, आणि मराठीत तो आधी वरखाली कापला जातो: रोमन अक्षरांच्या उंचीने बेतलेल्या पट्टीत 'मूर्ती'चा उकार खाली आणि रफार वर जातो. 'ग्रिडलेआउट', म्हणजे ओळी-स्तंभांची आपोआप जुळणारी मांडणी, वापरावा, ज्या चौकटीने पसरायचे तिला तसे सांगावे, आणि उंची ठोकून देऊ नये. रुंदी ठरवताना फॉन्टच्या सरासरी अक्षररुंदीवर विसंबू नये, ती देवनागरी जोडाक्षरांवरून काढलेली नसते. एखादे खरे लांब नाव 'टेक्स्ट-एक्स्टेंट'ने मोजावे. लपवलेल्या चौकटीची जागा रिकामी दिसत असेल तर 'सेट-व्हिजिबल' पुरेसे नाही, 'ग्रिडडेटा'तला 'एक्सक्लूड' खरा करून 'रिक्वेस्ट-लेआउट' करावे लागते.

आता मराठीकडे. ऑपरेटिंग सिस्टीम अक्षरे नीट दाखवते म्हणून प्रोग्रामला मराठी येते असे नव्हे.

तीन आडनावे घ्या: काळे, काशीद, कासार. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, म्हणून यादीत काशीद, कासार, मग काळे. यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, मात्र 'ळ'चा क्रमांक ०९३३ आहे, 'ल'च्या लगेच नंतर आणि 'व'च्या आधी. क्रमांकांप्रमाणे लावलेल्या यादीत काळे वर जातात. क्षीरसागर 'क'च्या शेवटी, 'ख'च्या आधी सापडतात आणि ज्ञानेश्वर 'ज'मध्ये. चारशे नावांत हे खपून जाते. चाळीस हजारांत माणूस नाव नाही म्हणून सांगतो आणि नवी नोंद करतो, एकाच सभासदाचे दोन खातेक्रमांक असे जन्माला येतात. जावाच्या स्वतःच्या 'कोलेटर'मध्ये, म्हणजे क्रम लावणाऱ्या भागात, मराठीसाठी वेगळे नियम नाहीत. आयसीयू-४-जे या लायब्ररीतला मराठीचा कोलेटर घेऊन तो जेफेसच्या तक्त्याचा क्रम लावणाऱ्या 'व्ह्यूअर-कम्पॅरेटर'ला द्यावा, काम भागते. यादी मोठी असेल तर प्रत्येक नावाची 'कोलेशन की', म्हणजे तुलनेसाठीचे तयार रूप, एकदाच काढून ठेवावी, कारण एक लाख नावे लावायला सुमारे सोळा-सतरा लाख तुलना होतात. क्ष आणि ज्ञ नेमके कुठे हवेत हे कार्यालयाने लेखी ठरवून द्यावे. आणि क्रम एकाच ठिकाणी लावावा: डेटाबेस एका क्रमाने देतो आणि पडदा दुसऱ्या क्रमाने लावतो, अशा प्रोग्रामात पान उलटले की नावे गायब होतात.

शोधाची गोष्ट याहून नाजूक. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे साठवले जाते: एकदा नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच. तसेच 'ॲड.' मधले पहिले अक्षर: २००८मध्ये यूनिकोड ५.१ने त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक दिला, त्याआधीच्या माहितीत ते 'अ' आणि त्यावर चंद्र असे दोन क्रमांकांत आहे. कोण कुठल्या कीबोर्डने लिहितो यावर काय साठेल ते ठरते. पुष्कळांना वाटते की यूनिकोडचे 'नॉर्मलायझेशन' हे एकसारखे करून देईल. देत नाही, कारण या जोड्या यूनिकोडच्या लेखी समान नाहीत. त्यामुळे बदलांचे एक छोटे फंक्शन स्वतः लिहावे लागते, आणि ते दोन्हीकडे लावावे लागते: साठवताना आणि शोधताना. एकीकडेच लावले तर घोळ दुप्पट.

आकड्यांत जावाच्या आवृत्तीने खोड काढली आहे. जावा ९पासून भाषांची माहिती सीएलडीआर या संग्रहातून घेतली जाते आणि तिथे मराठीचे आकडे देवनागरी आहेत. जावा ८वर १२३ हा आकडा इंग्रजी अंकांत छापणारा प्रोग्राम, एकही ओळ न बदलता, नव्या जावावर १२३ देवनागरीत छापू लागतो. दिसायला छानच. पण तोच मजकूर पुन्हा वाचताना 'इंटिजर'चे 'पार्स-इंट' देवनागरी आकडे स्वीकारते, 'बिग-डेसिमल'ही स्वीकारते, आणि 'डबल'चे 'पार्स-डबल' मात्र नाकारते. चौकटीवर 'व्हेरिफाय लिसनर', म्हणजे टंकलेले लगेच तपासणारा कोड, लावून आकडे तपासताना रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा नमुना ओळखण्याच्या भाषेतला) 'बॅकस्लॅश डी' मुळात फक्त इंग्रजी आकडेच ओळखतो, म्हणजे देवनागरी कीबोर्ड चालू असलेल्या माणसाला चौकट 'मेली' वाटते. स्वल्पविरामाचे आणखी वेगळे. जावाचे 'डेसिमल-फॉरमॅट' एकाच मापाचे गट पाडू शकते, म्हणून साडेसात लाख हे ७५०,००० असे येतात. ७,५०,००० हवे असतील तर पुन्हा आयसीयूचेच डेसिमल-फॉरमॅट. पैशांची बेरीज 'डबल'मध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, करू नये हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

लांबीही तपासावी. 'क्षेत्र' या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. संगणकाला सात दिसतात: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१. ओरॅकल या डेटाबेसमध्ये स्तंभ 'व्हारचार-२' आणि २० असा केला असेल, तर तो आकडा मुळात बाइटचा धरला जातो आणि 'क्षेत्र' एवढा शब्दही मावत नाही. पडद्यावरच्या चौकटीची मर्यादा बाइटमध्ये नसून या सातसारख्या घटकांत मोजली जाते, म्हणून पडदा हो म्हणतो आणि डेटाबेस नाही म्हणतो.

फाइल बाहेर काढली की प्रश्नचिन्हांची रांग, हा अनुभव सार्वत्रिक आहे. २०२२मध्ये आलेल्या जावा १८च्या आधी फाइलची संकेतपद्धत सांगितली नाही तर विंडोजची ठरलेली पद्धत वापरली जाई, आणि इंग्रजी विंडोजवर तिच्यात देवनागरी नाही. यूटीएफ-८ असे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहावे. फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे यूटीएफ-८ची खूण असलेले, तीन बाइट घालावेत. पडद्यावरच्या मराठी मजकुराच्या प्रॉपर्टीज फाइलचेही तेच: जावा ९पासून 'रिसोर्स बंडल' ती यूटीएफ-८ म्हणून वाचते, पण 'प्रॉपर्टीज'ला इनपुटस्ट्रीम देऊन वाचली तर लॅटिन-१ (देवनागरी नसलेली जुनी संकेतपद्धत) म्हणूनच. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला जोडाक्षरे जुळवता येतात का, हेही आधी पाहावे. येत नसतील तर वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि हलन्त उघडे राहतात. पडद्यावर ठीक दिसले म्हणून छापील ठीक येईल असे नाही, कारण पडद्यावर काम ऑपरेटिंग सिस्टीमने केलेले असते.

महाविद्यालयांकडून मोठी अपेक्षा नाही. सत्रात एकच प्रकल्प द्यावा: पन्नास हजार नावांचा तक्ता, शोध, क्रम, छपाई, आणि शोध चालू असताना 'रद्द करा' हे बटण चालले पाहिजे. गुण देताना खिडकी ओढून लहानमोठी करावी, स्केलिंग १५० टक्के करावे आणि जीडीआयचा स्तंभ पाहावा. स्विंगमध्ये केला तरी हरकत नाही, पडद्याच्या थ्रेडचा नियम तिथेही तोच आहे.

विकत घेणाऱ्या संस्थांनी वरच्या चाचण्या करारातच लिहाव्यात: काळे-काशीद-कासार यांचा क्रम, कुऱ्हाडे दोन्ही प्रकारे शोधणे, ७,५०,००० हा आकडा देवनागरीत लिहून साठवणे, वीस वेळा पडदा उघडून बंद करणे, शोध चालू असताना नेटवर्कची तार काढणे. आणि संगणक कुठले आहेत ते आधी मोजावे. २०१८च्या डिसेंबरमधल्या ४.१० आवृत्तीपासून एक्लिप्स आणि एसडब्ल्यूटीने ३२-बिट सोडले, २०२२च्या सप्टेंबरमधल्या आवृत्तीने एक्लिप्ससाठी किमान जावा १७ आवश्यक केली. ३२-बिट विंडोजचे जुने संगणक शिल्लक असतील तर ४.९वर थांबावे लागेल किंवा संगणक बदलावे लागतील, आणि हा खर्च कोणाचा हे नंतर ठरवायला गेले की भांडण होते. जावा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये बरोबर द्यावी. कार्यालयातल्या दुसऱ्या कोणी ती अद्ययावत केली म्हणून वजनकाटा थांबू नये.

शेवटी ताब्यात काय घ्यायचे. नुसते सेटअप नव्हे, मूळ कोड, त्याबरोबर कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती वापरली ते नोंदवणारी 'टार्गेट' फाइल, अंतिम प्रोग्राममध्ये काय काय जाते ते सांगणारी 'प्रॉडक्ट' फाइल आणि मेव्हन-टायको या बांधणीच्या साधनाची मांडणी. ती घेऊन, ज्यावर आधी काहीच बसवलेले नाही अशा संगणकावर, पुरवठादाराने कार्यालयासमोर प्रोग्राम एकदा पहिल्यापासून बांधून दाखवावा. तो बांधून होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

आपला,
एक डेस्कटॉप प्रोग्रामर, पुणे